आठवड्याचा गृहपाठ: घरच्यांनी कुठे मदत करावी आणि कुठे हात आवरावा

प्रश्न थोडक्यात असा: मुलगा तिसरीत, मराठी माध्यमाच्या शाळेत आहे. बाई शुक्रवारी पूर्ण आठवड्याचा गृहपाठ देतात आणि पुढच्या शुक्रवारी वह्या गोळा करतात. आई-वडील दोघंही कामावर जातात, घरी आजी असते. गृहपाठ गुरुवारपर्यंत तसाच पडून राहतो. मग जेवणं झाल्यावर रडारड होते आणि शेवटी आई उत्तरं सांगते, मुलगा ती उतरवून काढतो. घरच्यांनी नेमकं काय करावं?

आधी वेळेचा हिशोब करू. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या २०२० च्या दप्तर धोरणात पहिली-दुसरीला गृहपाठ देऊ नये, तिसरी ते पाचवीला आठवड्याला जास्तीत जास्त दोन तासांचा द्यावा आणि सहावी ते आठवीला रोज जास्तीत जास्त एक तासाचा द्यावा, असं म्हटलं आहे. म्हणजे तुमच्या मुलाच्या वाट्याला आठवड्याची १२० मिनिटं येतात. तेवढ्याच गृहपाठासाठी गुरुवारी रात्री अडीच-तीन तास जात असतील, तर ते मुलाच्या आळसामुळे नाही. आठ वर्षांचं मूल सलग पंचवीस-तीस मिनिटं चांगलं लिहितं. त्यानंतर अक्षर बिघडतं, येणारी गणितंही चुकायला लागतात, चूक झाली की खोडणं वाढतं आणि खोडण्यात अजून वेळ जातो. रात्री साडेनऊला हेच सगळं दुपटीनं होतं.

हीच १२० मिनिटं आठवड्यावर पसरा. शुक्रवारी दहा मिनिटं नुसती गृहपाठ समजून घ्यायला, शनिवारी अर्धा तास, रविवार पूर्ण मोकळा, सोमवार-मंगळवार-बुधवार प्रत्येकी पंचवीस मिनिटं आणि गुरुवारी पाच मिनिटं वह्या पाहून दप्तर भरायला. गुरुवारी काही लिहायचं नाही, हे ठरवूनच टाका. एखाद्या दिवशी पाहुणे आले, ताप आला, तर गुरुवार हाताशी राहतो.

यातली शुक्रवारची दहा मिनिटं सर्वांत महत्त्वाची आणि घरोघरी तीच वगळली जातात. मुलानं सगळा गृहपाठ मोठ्यानं वाचून दाखवायचा आणि प्रत्येक प्रश्नाला "यात काय करायला सांगितलंय?" याचं उत्तर स्वतःच्या शब्दांत द्यायचं. अडून राहिलेल्या गृहपाठात पुष्कळदा विषय येत नसतो असं नाही, सूचनाच कळलेली नसते. "वर्गीकरण करा" म्हणजे गट पाडायचे, "कारणे द्या" म्हणजे "का" याचं उत्तर द्यायचं, हे तिसरीतल्या कित्येक मुलांना पक्कं माहीत नसतं. "कारणे द्या" खाली ती दिलेलंच वाक्य उलटसुलट करून लिहितात. ही गाठ शुक्रवारी सुटली की सोमवारी मूल एकट्यानं बसू शकतं. त्याच वेळी कार्डशीट, घोटीव कागद, जुन्या मासिकातली चित्रं असं काय लागणार आहे ते पाहून घ्या, म्हणजे शनिवारी दुकान उघडं असताना आणता येतं. मग एका कागदी पट्टीवर वारांची नावं आणि त्यासमोर कामं मुलाच्याच हातानं लिहवून घ्या. पट्टी जिथे बसतो तिथल्या भिंतीवर लावा. रोज किती मिनिटं लागली आणि कुठे अडलं, हेही तिच्यावरच लिहा. महिनाभरानं याच नोंदी फार उपयोगाला येतात.

आता मुख्य मुद्दा. मदत सुरुवातीला करा आणि शेवटी करा, मधली वीस मिनिटं त्याची त्याला द्या. सुरुवातीला दोन मिनिटं आज काय करायचं ते त्याच्या तोंडून ऐका आणि पहिलं उदाहरण त्याला मोठ्यानं बोलत सोडवू द्या. शेवटी तीन मिनिटं वही पाहा. मधे शेजारी बसून "अरे, तो काना राहिला", "हातचा कुठे गेला" असं चालू ठेवलं की मूल प्रत्येक ओळीनंतर तुमच्या तोंडाकडे बघायला लागतं. ही सवय लागायला महिनासुद्धा लागत नाही, मोडायला मात्र वर्ष जातं.

उत्तर सांगून लिहून घेण्यानं आणखी एक नुकसान होतं. गृहपाठाची वही हा बाईंना मिळणारा निरोप असतो. चाळीस मुलांच्या वर्गात कोणाला हातचा कळला नाही, हे बाईंना त्या वहीतूनच समजतं. घरून सगळं बरोबर होऊन आलं की त्या पुढचा घटक सुरू करतात आणि मुलाचा पाया तिथेच कच्चा राहतो. म्हणून चूक वहीत दिसू द्या. शेवटच्या तीन मिनिटांत तुम्हाला चार चुका दिसल्या, तर एकच दाखवा, तीही "या ओळीत एक गोष्ट बघ बरं पुन्हा" एवढंच म्हणून. त्याला सापडली तर तो सुधारेल. नाही सापडली तर राहू द्या आणि खाली पेन्सिलीनं बाईंना चिठ्ठी लिहा: "२५ मिनिटं बसला. सहापैकी चार गणितं केली. शून्य असलेल्या वजाबाकीत अडला." एवढ्या मजकुरावरून बाईंना पुढे काय शिकवायचं ते कळतं.

जागा आणि वेळ यांबद्दल थोडंच. स्वतंत्र टेबल-खुर्ची नसली तरी चालतं, पण जागा रोज तीच हवी आणि तेवढा वेळ टीव्ही बंद हवा. उजव्या हातानं लिहिणाऱ्याला उजेड डावीकडून यावा, डावखुऱ्याला उजवीकडून, नाहीतर स्वतःच्या हाताची सावली अक्षरावर पडते. शाळेतून आल्यावर खाणं, खेळणं, मग गृहपाठ आणि त्यानंतर जेवण, असा क्रम बहुतेक घरांत जमतो. राज्यात चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊ किंवा त्यानंतर भरवावेत असा शासनाचा निर्णय २०२४-२५ पासून आहे. तुमची शाळा तशी भरत असेल, तर सकाळची वीस मिनिटं वापरून पाहा. काही मुलांचं वाचन सकाळी स्पष्टपणे चांगलं होतं. टोक केलेल्या दोन पेन्सिली जवळ असाव्यात आणि खोडरबर दप्तरातच असावं. चुकलं तर एक आडवी रेघ मारून पुढे लिहायचं. वही थोडी कमी सुबक दिसेल, पण काय चुकलं ते बाईंना दिसेल आणि वेळही वाचेल.

वाचन

"पाठ ३ वाचा" हा गृहपाठ सर्वांत सोपा वाटतो आणि त्यातच सर्वांत जास्त फसगत होते, कारण वर्गात ऐकून ऐकून मुलांना पाठ तोंडपाठ झालेला असतो. बोट एका ओळीवर आणि तोंड भलत्याच ओळीवर, असं दिसलं की समजायचं. खात्री करायची तर पाठाच्या मधल्याच एका वाक्यावर बोट ठेवून तेवढंच वाचायला सांगा, किंवा त्याच पातळीचा न वाचलेला उतारा द्या. जुलै २०२१ मध्ये सुरू झालेल्या निपुण भारत या केंद्राच्या पायाभूत वाचन-गणिताच्या अभियानात तिसरीअखेर मुलानं मिनिटाला किमान ६० शब्द अर्थ समजून वाचावेत, असं लक्ष्य आहे. महिन्यातून एकदा घड्याळ लावून एका मिनिटाचे शब्द मोजायला हरकत नाही, पण मुलाला न सांगता. रोज मोजलं की मूल शर्यत लावतं आणि अर्थ मागे पडतो.

वाचताना मूल अडलं की लगेच शब्द सांगू नका. मनात पाच आकडे मोजा. तरी जमलं नाही, तर शब्दाचा पुढचा भाग बोटानं झाकून पहिला तुकडा वाचायला सांगा. तरीही नाही जमलं, तर शब्द सांगा आणि पुढे जा. एका शब्दावर अर्धा मिनिट घालवला की वाक्याचा धागा तुटतो. शंभर शब्दांत दहापेक्षा जास्त ठिकाणी अडत असेल, तर तो मजकूर त्याच्यासाठी सध्या अवघड आहे. तेव्हा एक वाक्य तुम्ही, एक वाक्य त्यानं असं वाचा आणि तोच परिच्छेद दुसऱ्या, तिसऱ्या दिवशी पुन्हा वाचा. तिसऱ्या वाचनाला आवाजात आत्मविश्वास येतो, तो मुलालाही जाणवतो.

मराठीत अडण्याची ठिकाणं ठरलेली आहेत. जोडाक्षरं, आणि त्यातही "र". चक्र, ट्रक, सूर्य, दऱ्या या चार शब्दांत "र" चार वेगळ्या रूपांत बसला आहे. हे चार शब्द एका कार्डावर लिहून ठेवा आणि नवा शब्द आला की तो कोणत्या शब्दासारखा आहे ते त्याला शोधू द्या. पर्वत हा सूर्याच्या घरचा, ग्रह हा चक्राच्या घरचा. आठवडाभरात रफार पक्का होतो.

गृहपाठापलीकडचं वाचायला हवं असेल, तर बालभारतीचं "किशोर" मासिक १९७१ पासून निघतं आणि त्याचे जुने अंक संकेतस्थळावर मोफत वाचता येतात. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर पातळीनुसार लावलेल्या मराठी गोष्टीही मोफत आहेत. पडद्यावर वाचण्यापेक्षा दोन-चार गोष्टी छापून घेतल्या तर बऱ्या.

शुद्धलेखन आणि श्रुतलेखन

"दहा ओळी शुद्धलेखन लिहा" हे काम बहुतेक मुलं अक्षर-अक्षर उतरवून करतात. डोळा पुस्तकात, एक अक्षर वहीत, परत डोळा पुस्तकात. अशा दहा ओळींतून फारसं काही डोक्यात जात नाही आणि वेळ मात्र पाऊण तास जातो. त्याऐवजी तीन-चार शब्दांचा तुकडा पाहायचा, म्हणायचा, झाकायचा, लिहायचा आणि मग ताडून पाहायचा. सुरुवातीला चार ओळीच होतील, पण त्या चार ओळींतले शब्द पुढच्या आठवड्यात श्रुतलेखनात बरोबर येतात. बाईंनी दहा ओळींचा आग्रह धरला असेल, तर चार ओळी अशा लिहिल्या आहेत असं चिठ्ठीत लिहा. बहुतेक शिक्षकांना हे पटतं.

शिरोरेषेकडे एकदा लक्ष द्या. काही मुलं आधी ओळभर रेघ ओढून तिला अक्षरं लटकवतात, काही प्रत्येक अक्षरावर वेगळी टोपी घालतात. पहिल्यात दोन शब्द एकमेकांना चिकटतात, दुसऱ्यात एक शब्द तुटून दोन होतात. शब्द पूर्ण लिहून झाला की त्याच्यावर एकच रेघ द्यायची.

श्रुतलेखनाला आठ शब्द पुरे, त्यातले पाच ओळखीचे आणि तीन नवे. चुका तपासताना त्यांचे प्रकार पाहा: ऱ्हस्व-दीर्घ, राहिलेला अनुस्वार, जोडाक्षर. एका आठवड्यात एकच प्रकार हाताळा. ऱ्हस्व-दीर्घासाठी दोन नियम तिसरी-चौथीला पुरतात. शब्दाच्या शेवटी येणारी वेलांटी आणि उकार दीर्घ: पाटी, वही, चाकू, लाडू ("आणि", "नि" हे अपवाद). दुसरा नियम मोठ्यांच्याही हातून सुटतो: फूल, मूल, वीट यांत उकार-वेलांटी दीर्घ, पण पुढे प्रत्यय लागला की ऱ्हस्व, म्हणून फुलाला, मुलाला, विटेला. मुलानं "मूल" बरोबर आणि "मूलाला" चूक लिहिलं, तर तो अर्धा नियम शिकला आहे. त्याला तसंच सांगा.

घरात वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी किंवा दुसरी कोणती बोली असेल, तर मूल जसं बोलतं तसंच लिहितं. "पाणी"चं "पानी" होतं. बोलताना टोकू नका. उत्तर आधी घरच्या बोलीत पूर्ण सांगू द्या, मग "पुस्तकात हे कसं लिहितात?" असं विचारून लिहायला सांगा. ज्या मुलाला बोलतानाच अडवलं जातं, ते वर्गात तोंड उघडेनासं होतं आणि मग त्याच्या लिहिण्यातही दोन शब्दांपलीकडे काही उरत नाही.

गणित

गणिताच्या गृहपाठावर घरांत सर्वांत जास्त आवाज चढतात, म्हणून इथे थोडं थांबतो.

पहिली गोष्ट संख्यांची. "त्रेचाळीस" ऐकून मूल ३४ लिहितं, कारण मराठीत आधी तीन ऐकू येतात आणि चाळीस मागून. "एकोणचाळीस" ऐकलं की ४९ लिहितं, कारण त्याला "चाळीस" आणि "नऊसारखं काहीतरी" एवढंच सापडतं. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात "वीस एक, वीस दोन" अशी वाचनाची पद्धत जोडीला दिली होती, तेव्हा राज्यभर मोठा वाद झाला. घरी त्या वादात पडायची गरज नाही. चुकणाऱ्या मुलाला दोन्ही रूपं जोडीनं म्हणायला लावा, "चाळीस आणि तीन, त्रेचाळीस", म्हणजे पूल मिळतो आणि काही आठवड्यांनी तो आपोआप गळून पडतो. एकोणच्या संख्या वेगळ्या लिहून घ्या: १९, २९, ३९, ४९, ५९, ६९, ७९, ८९. प्रत्येकीसमोर "विसाला एक कमी", "तिसाला एक कमी" असं लिहवा. ९९ या रांगेत बसत नाही, ते नव्व्याण्णव.

मोठ्या संख्यांत "तीन हजार सात" चं ३०००७ होतं. ऐकलं तसं लिहिलं, ३००० आणि पुढे ७. कागदाच्या पट्ट्या करा: एकीवर ३०००, दुसरीवर ७, आणि सातची पट्टी शेवटच्या शून्यावर ठेवायला सांगा. ३००७ डोळ्यांसमोर तयार होतं.

वजाबाकी. ५२ वजा २७ चं उत्तर ३५ आलं, तर मूल निष्काळजी आहे असं समजू नका. त्यानं एक नियम लावला आहे: मोठ्या अंकातून लहान वजा करायचा. दोनातून सात जात नाहीत, म्हणून त्यानं सातातून दोन वजा केले. हे तोंडी समजावून सुटत नाही. दहाच्या पाच नोटा आणि एक रुपयाची दोन नाणी त्याच्यापुढे ठेवा आणि "मला सत्तावीस दे" म्हणा. दोन नोटा तो लगेच देईल, मग सात सुटे द्यायला अडेल आणि स्वतःच म्हणेल, "ही नोट मोडून दे." एक नोट मोडून दहा सुटे दिले की त्याच्याकडे बारा सुटे होतात. सात दिले, पाच उरले. दोन नोटा उरल्या. पंचवीस. आता तेच वहीत लिहायचं, प्रत्येक कृती करत करत. नाणी बाजूला ठेवायची घाई करू नका, तीन-चार दिवस लागतात.

सर्वांत अवघड प्रकार मधे शून्य असलेला. ३०४ वजा १६८. मूल दशकाच्या घरात जातं, तिथे शून्य, मग एक तर शून्यातूनच उसना घेतल्याचं नाटक करतं किंवा शतक मोडून थेट एककाला देतं. नोटांनी दाखवा: शंभराच्या तीन नोटा, चार नाणी. शंभराची एक मोडली की दहाच्या दहा नोटा आल्या. त्यातली एक मोडली की नऊ उरल्या आणि सुटे झाले चौदा. म्हणजे २ शतक, ९ दशक, १४ एकक. चौदातून आठ गेले सहा, नवातून सहा गेले तीन, दोनातून एक गेला एक. १३६. शून्याच्या जागी नऊ का येतो, हे इथे हाताला कळतं.

आजी-आजोबांपैकी काहीजण हातचा खालच्या अंकात मिळवायच्या पद्धतीनं वजाबाकी शिकलेले असतात. ती पद्धत बरोबरच आहे, पण शाळेत दशक सुटे करायला शिकवत असतील, तर एकाच आठवड्यात दोन्ही पद्धती मुलापुढे येऊ देऊ नका. "बाईंनी कसं करायला सांगितलंय ते मला दाखव," इथूनच सुरुवात करा. आणि उभी मांडणी चौकटींच्या वहीत, एका चौकटीत एक अंक. साध्या वहीत एककाखाली दशक सरकतो आणि बेरीज येणाऱ्या मुलाचीही उत्तरं चुकतात.

पाढे. "बे एके बे, बे दुणे चार" ही लय सोडू नका, ती पाठांतराला फार चांगली आहे. पण "सात आठी किती?" विचारल्यावर मूल "सात एके सात" पासून सुरू करत असेल, तर त्याला गाणं येतं, गुणाकार अजून यायचा आहे. दहापर्यंतचे पाढे म्हणजे शंभर गुणाकार, असं मुलाला वाटतं आणि ते घाबरतं. त्यातून एक, दोन, पाच, दहाचे काढून टाका, ते सोपे असतात. सात आठी आणि आठ साती एकच, म्हणून जोड्यांतला एक-एक काढा. उरतात फक्त २१. ते २१ चिठ्ठ्यांवर लिहा, मागे उत्तर लिहा, आणि रोज पाच चिठ्ठ्या उलटसुलट क्रमानं विचारा. आलेली चिठ्ठी एका डब्यात, अडलेली दुसऱ्या डब्यात. अडलेल्यासाठी पाचाचा आधार द्या: सात आठी म्हणजे पाच आठी चाळीस आणि बे आठी सोळा, छप्पन्न. नवाला दहाचा आधार: दहा साती सत्तर, त्यातून एक सात कमी, त्रेसष्ट.

शाब्दिक उदाहरणांत मुलं शब्द पकडतात. "एकूण" दिसलं की बेरीज, "उरले" दिसलं की वजाबाकी, "जास्त" दिसलं की परत बेरीज. म्हणून "रमाकडे ३५ बोरं आहेत. ती सीमापेक्षा ८ ने जास्त आहेत. सीमाकडे किती?" याला ४३ उत्तर येतं. संख्या झाकून गोष्ट सांगायला लावा: कोणाकडे जास्त, कोणाकडे कमी? मग दोन आडव्या पट्ट्या काढायला सांगा, एक लांब, एक आखूड. सीमाची पट्टी आखूड आहे हे दिसलं की तो स्वतःच ३५ मधून ८ वजा करतो. "बेरीज करू की वजाबाकी?" असं मूल विचारायला लागलं, तर उत्तर देऊ नका, चित्र काढायला सांगा.

परिसर अभ्यास आणि प्रकल्प

हे काम शनिवारच्या अर्ध्या तासाचं आणि यात आजी सर्वांत कामाची. "तुमच्या परिसरातील पाण्याचे स्रोत लिहा" याला गाईडमधलं उत्तर "नदी, विहीर, तलाव" असतं आणि त्याच गल्लीत प्रत्यक्षात नगरपालिकेचा नळ, सोसायटीची बोअर आणि मे महिन्यात टँकर असतो. मुलानं आजीला तीन प्रश्न विचारायचे: तुझ्या लहानपणी पाणी कुठून आणायचे? दिवसाला किती हंडे लागायचे? ती विहीर आता आहे का? उत्तर ऐकताना चार-पाच शब्दच टिपायचे, मग त्यांची वाक्यं करायची. अशी पाच ओळींची वही गाईडच्या अर्ध्या पानापेक्षा कितीतरी चांगली.

प्रकल्पात मोठ्यांनी दोनच कामं करावीत: ब्लेड-कटरनं कापणं आणि विस्तवाजवळचं काही असेल तर ते. रंग बाहेर गेला, चित्र तिरकं चिकटलं, तर तसंच शाळेत जाऊ द्या.

पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर सोडवलेल्या गृहपाठाचे फोटो फिरतात. गटाचा उपयोग "कोणतं पान दिलंय?" एवढ्यापुरता ठेवा. पाठ्यपुस्तकातला क्यूआर कोड दीक्षा या सरकारी अभ्यासाच्या ॲपवर उघडून समजला नसलेला घटक एकदा पाहायला हरकत नाही, पण तो वेळ पंचवीस मिनिटांत धरू नका.

आजीला लिहिता-वाचता येत नसेल तरी बिघडत नाही. तिनं तपासायचं नाहीच आहे. मूल वाचतं, ती ऐकते. ते थांबलं की "मग पुढे काय झालं?" आणि संपलं की "तुला त्यातलं काय आवडलं?" एवढं तिनं विचारलं की मूल अर्थाकडे लक्ष देऊन वाचतं. पाढे तर ती म्हणवून घेऊ शकतेच, आणि पावकी-निमकी (पाव आणि अर्ध्याचे पाढे) येत असेल तर मुलाला ऐकवावी, अपूर्णांकांना त्याचा पुढे आधार होतो. मूल इंग्रजी माध्यमात असेल आणि घरात कोणाला इंग्रजी सहज येत नसेल, तिथेही हीच रीत: त्यानं इंग्रजीत वाचायचं आणि परिच्छेद संपला की मराठीत सांगायचं. सांगता आलं नाही, तर त्याला तो परिच्छेद कळलेला नाही, हे समजायला तुम्हाला इंग्रजी यावं लागत नाही.

धाकटं भावंड पहिली-दुसरीत असेल तर त्याला शेजारी बसवून लिहायला लावू नका. दहा मिनिटं गोष्ट वाचून दाखवा, शेंगा किंवा बटणं दहा-दहाच्या ढिगांत मोजू द्या.

हे सगळं चार आठवडे नीट करूनही रोजची पंचवीस मिनिटं पुरत नसतील, तर भिंतीवरच्या नोंदींच्या पट्ट्या घेऊन बाईंना भेटा. शाळा सुटताना दारात उभ्यानं नको, आधी विचारून पंधरा मिनिटं घ्या. गृहपाठच जास्त असेल, तर नोंदींवरून ते लगेच दिसतं आणि बोलणं तक्रारीच्या सुरात जात नाही. गृहपाठ बेताचा असेल आणि तरी अडत असेल, तर आधी डोळे तपासून घ्या, विशेषतः मूल पुस्तक नाकाजवळ धरत असेल किंवा फळ्यावरचं अर्धवट उतरवून आणत असेल तर. हाक मारल्यावर ओ देत नसेल तर कानही तपासा. दोन्ही ठीक असून तिसरीच्या मध्यावरही साधे दोन-तीन अक्षरी शब्द सुटे-सुटे वाचत असेल, किंवा तोंडी उत्तर उत्तम देऊन लेखी एक ओळही होत नसेल, तर अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घ्यायला उशीर लावू नका. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात या अक्षमतेचा समावेश आहे आणि अशा मुलांना शाळेत सवलती मिळतात. तोवर घरी लेखी गृहपाठाचा अर्धा भाग तोंडी घ्यावा का, हे त्याच भेटीत बाईंना विचारा आणि ठरेल ते वहीच्या पहिल्या पानावर त्यांच्या सहीनं लिहून घ्या, म्हणजे दुसऱ्या विषयाच्या शिक्षकांनाही ते कळेल.